आपली पाटी आपल्याच डोक्यावर



बियाणे, खते, फवारणी यांवर आपण दर आठवड्याला बोलतोच. आज जरा वेगळा माल घेतो. माल म्हणजे गाणी. गाणी हा शेतमाल आहे का, असे कोणी विचारील. जो माल घरच्या जागेत, स्वतःच्या मेहनतीने पिकवावा लागतो, ज्याचा भाव दुसराच कोणी ठरवतो, आणि ज्याच्या पैशात पिकवणाऱ्यापेक्षा मधल्या माणसाचा वाटा मोठा असतो, त्याला शेतमाल म्हणायला माझी तरी हरकत नाही.

गोष्ट गोव्याची आहे. बार्देस तालुक्यात शापोरा नदीच्या काठी शिवोली नावाचे गाव आहे. तिथले रेमो फर्नांडिस. नाव ऐकून लक्षात आले नसेल तर १९९५ सालच्या ‘बॉम्बे’ चित्रपटातले ‘हम्मा हम्मा’ आठवा, किंवा १९८७ च्या ‘जलवा’चे शीर्षकगीत आठवा. तो आवाज त्यांचा. पुढे २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण मला सांगायचे आहे ते त्याआधीचे, जेव्हा त्यांना गोव्याबाहेर फारसे कोणी विचारीत नव्हते.

रेमो यांचा जन्म १९५३ चा, पणजीचा. मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात ते घरबांधणीचे शास्त्र शिकले, म्हणजे आर्किटेक्ट झाले. पण मन गाण्यात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते युरोपात आणि उत्तर आफ्रिकेत मिळेल त्या वाहनाने भटकले, तिथल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत राहिले, आणि परत गोव्यात आले. ते स्वतः गाणे लिहीत, स्वतः चाल लावीत आणि स्वतःच गात. गिटार वाजवीत, बासरी वाजवीत.

लिहिणारा तोच, गाणारा तोच, हा प्रकार आपल्याला नवा नाही. पठ्ठे बापूरावांनी लावण्या रचल्या आणि फडावर उभे राहून गायल्या. अण्णा भाऊ साठे, वामनदादा कर्डक यांनीही तेच केले. वामनदादा तर गावोगाव हिंडून आपली गाणी लोकांच्या तोंडी ठेवून गेले. आपल्याकडे त्याला शाहीर म्हणतात किंवा लोककवी म्हणतात. इंग्रजी गाण्यांच्या जगात वेगळे नाव आहे, एवढाच फरक.

रेमो यांनी आपली गाणी घेऊन मुंबईच्या कंपन्यांची दारे ठोठावली. कोणी दाद दिली नाही. गोव्याचा एक तरुण इंग्रजीत गाणी करतो, ती घेणार कोण, असा व्यापाऱ्याचा हिशोब. त्या हिशोबात अगदीच चूक होती असे मी म्हणणार नाही. तबकडी काढायची म्हणजे कारखाना लागे. आपल्या देशात या धंद्यावर कितीतरी वर्षे जवळजवळ एकाच कंपनीचे राज्य होते, तिचा कारखाना कलकत्त्याजवळ दमदमला. साचा करायचा, हजारो तबकड्या छापायच्या, देशभर पाठवायच्या. एवढा खर्च करणारा माणूस खपणारे वाणच निवडणार. बाजारात ज्या वाणाला गिऱ्हाईक नाही ते दुकानदार ठेवीत नाही, मग ते कितीही चवीचे असो.

पण तेवढ्यात एक वस्तू घरोघर पोहोचली होती. कॅसेट. फिलिप्स कंपनीने ती १९६३ मध्ये काढली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या खेड्यापाड्यांत ती जीपगाडीतून, चहाच्या टपरीतून, लग्नाच्या मांडवातून वाजू लागली. तबकडी घरी छापता येत नाही. कॅसेटची नक्कल मात्र दोन यंत्रे शेजारी ठेवली की होते. त्याच वेळी छोट्या कंपन्या निघाल्या, दिल्लीत १९८३ मध्ये टी-सिरीज निघाली, आणि भजने, पोवाडे, भीमगीते, कीर्तने, ज्यांना मोठ्या कंपन्या पूर्वी क्वचितच विचारीत, ती सगळी बाजारात आली. चोरट्या नकलाही त्याच वाटेने आल्या, हे सांगितले पाहिजे. मोट काढून इंजिन बसवले तेव्हा पाणी वाढले आणि पाण्याची भांडणेही वाढली, तसेच ते.

रेमो यांनी काय केले, तर चार पट्ट्यांचे एक छोटे ध्वनिमुद्रण यंत्र घरी आणले. हे यंत्र समजून घेण्यासारखे आहे. कॅसेटची फीत तुम्ही पाहिली आहे, पेन्सिल घालून ती गुंडाळलीही असेल. त्या अरुंद फितीवर लांबीला चार पट्टे असतात. घरातला टेपरेकॉर्डर त्यांतले दोन जाताना वाजवतो, आणि कॅसेट उलटली की उरलेले दोन. हे यंत्र चारही पट्टे एकाच दिशेने वापरते, म्हणून त्यातली कॅसेट उलटायची नसते. पहिल्या पट्ट्यावर गिटार वाजवून ठेवायची. ती कानात ऐकत ऐकत दुसऱ्यावर बासरी वाजवायची. तिसऱ्यावर गायचे. म्हणजे एकच माणूस चार माणसांचा ताफा होतो. आपण तुरीच्या दोन ओळींत सोयाबीन घेतो ना, तसेच. वाफा एक, ओळी वेगळ्या.

आता वाद्ये चारापेक्षा जास्त असली तर काय करायचे? तीन पट्टे भरले की ते तिन्ही एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे. मग पहिले तीन पुन्हा पेरणीला मोकळे. पण यात एक मेख आहे. एकदा एकत्र उतरवून जुने पुसले की बासरी जास्त झाली, गिटार दबली, असे म्हणून काही दुरुस्त करता येत नाही. शिवाय दर वेळी फितीची खरखर थोडी वाढत जाते. म्हणून आधी मनात सगळे पक्के करावे लागते. रोप उपटून चिखलात लावले की पुन्हा वाफ्यात नेता येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावे!

असली यंत्रे जपानच्या टीॲक कंपनीने १९७९ मध्ये बाजारात आणली. अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीन हे फार मोठे नाव. त्यांनीही १९८२ च्या जानेवारीत घरी बसून, अशाच चार पट्ट्यांच्या यंत्रावर नमुन्यादाखल गाणी भरली. पुढे मोठ्या स्टुडिओत वाद्यमेळ घेऊन तीच गाणी करून पाहिली, तर घरची बरी वाटली. शेवटी घरचीच फीत ‘नेब्रास्का’ या नावाने जगभर विकली गेली. म्हणजे यंत्र लहान म्हणून माल हलका ठरत नाही.

रेमो यांची पहिली कॅसेट १९८४ मध्ये निघाली, ‘गोवन क्रेझी’. शब्द त्यांचे, चाल त्यांची, गळा त्यांचा, वाद्ये त्यांनीच वाजवलेली, यंत्रावर हातही त्यांचाच, वेष्टनसुद्धा घरचेच. आणि मग आला खरा प्रश्न, विकायची कशी? त्यांच्याकडे एक पिवळी स्कूटर होती. तिच्यावर कॅसेटी घालून ते दुकानोदुकानी स्वतः फिरले. आपली पाटी आपल्या डोक्यावर घेऊन बाजारात उभे राहिले म्हणा ना.

पहिली कॅसेट गोव्यात चालली. आणि १९८५ मध्ये दुसरी आली, ‘ओल्ड गोवन गोल्ड’. मला खरे कौतुक या दुसरीचे आहे.

पहिल्या वेळेला माणसाकडे वर्षानुवर्षे साठलेले असते. पंधरा वर्षांच्या वहीतली निवडून दहा गाणी काढायची, त्यात काय अवघड? गवताळ पडीक जमीन मोडून पहिले पीक घ्या, खत न घालताही जोमदार येते. वर्षानुवर्षे कुजलेला पालापाचोळा खाली असतो. जमिनीचा खरा कस कळतो तो दुसऱ्या वर्षी. पुष्कळ गाणारे त्या दुसऱ्या वर्षीच अडतात. पहिल्याचीच नक्कल करतात, किंवा बाजारात जे चालले आहे त्याची.

रेमो यांनी दुसऱ्या वर्षी स्वतःची वही बाजूला ठेवली आणि आजी-आजोबांचे बियाणे काढले. गोव्याची जुनी गाणी. गोव्यात मांडो, दुलपद, देखणी असे जुन्या गाण्यांचे प्रकार आहेत. मांडो संथ, विरहाचा, एकोणिसाव्या शतकात तिथल्या ख्रिस्ती घरांत वाढलेला. दुलपद त्याच्या मागोमाग येणारे, ठेक्याचे. लग्नात, सणासुदीला म्हातारी माणसे गात. तरुणांना ती जुनाट वाटू लागली होती. रेमो यांनी ही जुनी गाणी आपल्या काळच्या वाद्यांत बसवली, आणि ज्या पोरांच्या हातात टेपरेकॉर्डर होता त्यांच्या कानांपर्यंत नेली.

तुम्ही म्हणाल, जुने घेतले म्हणजे सोपे झाले. नाही. त्यासाठी आपल्या भागाचेच उदाहरण देतो. आमचा आंबेमोहोर भात. मुळशी-मावळचा. शिजताना मोहोराचा वास घरभर. पण रोप उंच, वाऱ्याने लोळणार, उतारा कमी. दुसरीकडे फिलिपाईन्सच्या संशोधन संस्थेतला आय. आर. ८. १९६६ चे वाण. बुटके, खताला मानवणारे, भरघोस. पण खाणाऱ्याला चव लागत नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात या दोघांचा संकर केला आणि १९८७ मध्ये इंद्रायणी वाण दिले. वास आंबेमोहोराच्या घराण्याचा, उतारा नव्याचा. आज माणपासून पौडपर्यंत आणि तिकडे कामशेतपर्यंत ज्यांच्या घरी भात आहे त्यांच्या घरी इंद्रायणी आहे. जुने नुसते जपून ठेवले असते तर ते चार हौशी बांधांवर राहिले असते. नुसते नवे घेतले असते तर वास गेला असता. दोन्ही एकत्र आणायला डोके लागते, आणि कोणता गुण सोडायचा नाही हे आधी ठरवावे लागते. दुसऱ्या कॅसेटचे काम मला त्या जातीचे वाटते.

पुढचे थोडक्यात सांगतो. नाव झाले, चित्रपट आले, मोठी कंपनीही आली. राजीव गांधी पंतप्रधान असताना, म्हणजे १९८४ ते १९८९ च्या काळात, ते गोव्यात आले होते. रेमो यांनी त्यांच्यासमोर त्यांनाच नावाने हाक मारून गाणे म्हटले. ही काय पंतप्रधानांशी बोलायची रीत, म्हणून काहींनी टीका केली. पंतप्रधानांनी मात्र गाणे आवडल्याचे पत्राने कळवले.

त्याच राजीव गांधींचे नाव आमच्या दारातल्या संगणक उद्यानाला आहे. आता माणवर येतो. हे माण साताऱ्याकडचे दुष्काळी माण नव्हे, बरे का. मुळशी तालुक्यातले, हिंजवडीच्या शेजारचे. उद्यानाचा तिसरा टप्पा माणच्या जमिनीवर आहे. पुण्याकडे जाणाऱ्या मेट्रोची मार्गिका माणपासून निघते. खाचरे गेली तिथे काचेच्या इमारती आहेत. पैसा आला, आणि पैशाबरोबर घरोघर नवे प्रश्नही आले. पूर्वी आमच्याकडे करप्याची औषधे विचारायला लोक येत. आता पैशाचे काय करू म्हणून विचारतात. हा विषय आमच्या शिक्षणात नव्हता, तरी सांगावे लागते.

असेच एक शेतकरी कुटुंब. थोडी जमीन संपादनात गेली, दीड एकर भात राहिला आहे. मुलगा पंचविशीतला, चांगला गातो, स्वतः लिहितो. मागे त्याने सहा गाणी केली. पुण्यातल्या एका मंडळींनी ‘आम्ही काढतो, आम्ही चालवतो’ म्हणून साठ हजार घेतले, एका कागदावर सही घेतली, गाणी आंतरजालावर टाकली. चालली नाहीत. आता त्याला दुसरा अल्बम काढायचा आहे आणि जमिनीच्या पैशातून चार लाख हवे आहेत. वडील म्हणाले, “साहेब, नाही म्हणावं तर पोरगं घरात बोलत नाही. हो म्हणावं तर पैसा जातोय.” आई जास्त शहाणी. ती म्हणाली, “गाणं सोड म्हणत नाही मी. पण चार लाखानं गळा गोड होतो का, तेवढं सांगा.”

माउलीने मुद्द्याचे बोट ठेवले. त्या घराला जे सांगितले तेच इथे मांडतो, कारण असे घर एकटे नाही.

गाणे तयार करणे आज महाग राहिलेले नाही. चार पट्ट्यांचे यंत्र आता मोबाईलात आणि संगणकात फुकट मिळते, आणि पट्टे चार नव्हे, हवे तेवढे. बरा ध्वनिग्राहक, म्हणजे माइक, त्याचा जोड संगणकाला देणारी पेटी आणि कानाला लावायचा चांगला संच, एवढे पंधरा-वीस हजारांत बसते. राहिली खोली. आवाज भिंतींवर आपटून घुमतो, तो घुमू नये म्हणून शहरात भिंतींना महागडे फोम लावतात. आपल्या घरात भाताची पोती रचलेली खोली असते. ध्वनीच्या दृष्टीने त्याहून चांगली खोली सापडणे कठीण. पोती तीन बाजूंना, मागे दोरीवर दोन गोधड्या. रस्त्यावरच्या डंपरचा आवाज मात्र पोत्यांना थोपत नाही, तेव्हा रात्री दोननंतर गावे. पावसाळ्यात पत्र्याखाली गाऊ नये.

मग चार लाख कशाला? विचारल्यावर कळले की निम्म्याहून जास्त पैसे चित्रफितीला. डोंगर, गाडी, दोन नाचणाऱ्या मुली. मी त्याला विचारले, गाणे कशावर आहे? तर आजीवर आहे. आजीच्या गाण्यात ती गाडी कशाला, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. चेष्टा नाही करत. त्याच्या वयाला सगळ्यांकडे आहे ते आपल्याकडे हवे असे वाटते. शेजाऱ्याने ट्रॅक्टर घेतला म्हणून दोन एकरवाल्याने घेतलेला ट्रॅक्टर आपण पाहिलेला आहे.

करणे स्वस्त झाले, लोकांच्या कानापर्यंत जाणे महाग झाले, हे आजचे गणित आहे. १९८५ मध्ये कॅसेट काढणारेच मोजके. आज रोज ढीगभर गाणी आंतरजालावर पडतात. तिथे जाहिरातीच्या पैशातला वाटा मिळायला सध्या यूट्यूबवर एक हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तास ऐकले-पाहिले जाणे, अशी अट आहे. छोट्या चित्रफितींसाठी वेगळी. हे आकडे एका गाण्याने गाठले जात नाहीत. म्हणून पिवळ्या स्कूटरला आजही पर्याय नाही. स्कूटर म्हणजे माल घेऊन स्वतः जाणे. गावच्या यात्रेत गा. काकड आरतीला गा. हिंजवडीच्या वसाहतींत गणपतीत कार्यक्रम असतात, तिथे गा. त्या वसाहतींच्या फाटकाशी आपल्या बायका इंद्रायणी आणि मेथी विकतात. एकदा चव लागली की दुसऱ्या वर्षी लोक नाव घेऊन विचारतात. २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला तेव्हा मी गावोगाव सांगत फिरलो की थेट विक्री करा. काहींनी केली. ज्यांना जमली त्यांनी आधी दोन वर्षे सकाळी पाचला उठून गिऱ्हाईक बांधले होते.

थेट विक्रीचे गुणगान मी करतो म्हणून तिचा खर्चही सांगतो. विकायला गेलेला दिवस शेतात नसतो. उरलेला माल आपल्याच गळ्यात पडतो. दुकानदार माल ठेवून घेतो पण पैसे ‘पुढल्या खेपेला’ म्हणतो. गाण्याचेही तसेच. आठ दिवस फिरलात तर आठ दिवस रियाज नाही. रेमो यांच्या बाजूने हेही लक्षात घ्या की त्यांना अनेक वाद्ये हाताला होती, पुढचे शिक्षण होते, गावात घर होते आणि पर्यटकांचा गोवा दारात होता. ज्याला एकच वाद्य येते त्याने सगळे एकट्याने करण्याचा हट्ट धरू नये. ढोलकीला शेजारचा घ्यावा. त्याला त्याचे पैसे द्यावेत, नुसता वडापाव नव्हे.

पैशाबद्दल माझे मत रोखठोक आहे. जमिनीचा पैसा हे बियाण्याचे धान्य आहे. ते दळायला काढू नये. शिवाय त्यात घरातल्या मुलीचा हिस्सा आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळालेला आहे, आणि या घरात एक मुलगी आहे, जिला कोणी विचारलेलेच नव्हते. मी विचारले तेव्हा घरात जरा शांतता झाली. मुलाला वीस-पंचवीस हजारांचे सामान द्यावे, वर्षाची मुदत द्यावी, भाताच्या लावणीला आणि काढणीला तो शेतात असेल अशी अट घालावी. त्या पहिल्या सामानातून जे उभे राहील त्याच्या कमाईतून पुढचे घ्यावे. पहिल्या वेताच्या दुधावर दुसरी म्हैस, हा आपला जुना नियम आहे.

आता कागदाचे. साठ हजार गेले ते गेले, पण सही कशावर केली ते पाहिले पाहिजे. गाण्याचाही सातबारा असतो, त्याला प्रताधिकार म्हणजे कॉपीराइट म्हणतात. कायदा १९५७ चा. शब्द आणि चाल यांवर रचणाऱ्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षे राहतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षे, आणि तो ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन ते काढले त्या निर्मात्याचा. पैसे मुलाने दिले आणि निर्माता म्हणून नाव दुसऱ्याचे, असे असेल तर ते नीट वाचा. कोणालाही हक्क द्यायचा तर तो लेखी, सहीनेच देता येतो. कागदात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षेच धरली जाते. कोणत्या प्रदेशासाठी ते लिहिले नसेल तर फक्त भारतापुरता. घेणाऱ्याने एक वर्षात तो हक्क वापरलाच नाही आणि कागदात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर तो परत येतो. आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराचा आणि संगीतकाराचा मानधनातला वाटा कोणी लिहून घेतला तरी जात नाही. तो फक्त वारसांना किंवा हक्कवसुलीच्या संस्थेला देता येतो. नोंदणी सक्तीची नाही, पण वहीवर तारीख घालून ठेवायला काय जाते? ‘सर्व हक्क कायमचे’ असे शब्द दिसले की सही करण्याआधी तो कागद तालुक्याच्या वकिलाला दाखवा. आपण खरेदीखतावर न वाचता अंगठा देणाऱ्या आजोबांना नावे ठेवतो, आणि नातू मोबाईलवर ‘मान्य आहे’ दाबून मोकळा होतो.

जुनी लोकगीते मात्र कोणा एकाची नसतात. ती गायला कोणाची परवानगी लागत नाही. पण त्यांची आपण जी मांडणी करतो आणि जे मुद्रण करतो त्यावर आपला हक्क राहतो. रेमो यांच्या दुसऱ्या कॅसेटने हाच रस्ता दाखवला, आणि आमच्या मुळशीत तर या मालाची कोठारे भरलेली आहेत. जात्यावरच्या ओव्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी सहकाऱ्यांसह ऐंशीच्या दशकापासून गावोगाव फिरून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत मुळशीच्या बाया पुष्कळ. पीठ दळायची गिरणी आली, जाती कोपऱ्यात गेली, ओव्या मात्र त्या बायांच्या डोक्यात होत्या. २०१७ पासून त्यातल्या कित्येक आंतरजालावर त्या बायांच्या नावागावासह, त्यांच्याच आवाजात ऐकायला ठेवल्या आहेत.

तेव्हा ज्यांच्या घरात गाणारे पोर आहे आणि सत्तरीच्या पुढची आजी आहे, त्यांनी यंदाच्या काढणीनंतर दुपारी एक तास तिच्यापाशी बसावे. मोबाईल उशीवर ठेवा, तोंडासमोर धरू नका, नाही तर ती लाजते. जाते फिरवायला लावू नका, खांदा दुखतो. नुसता हात धान्यावरून फिरवत ठेवायला सांगा, म्हणजे लय आपोआप येते. शब्द विसरली तर मध्ये सुचवू नका. थांबा. ओवी कोणाकडून शिकली, माहेर कोणते, हे आधी नोंदवा. तिचे पूर्ण नाव लिहा, नुसते ‘आजी’ नव्हे. पुढे त्या ओवीवर गाणे केलेत आणि त्याचे चार पैसे आले, तर त्यातला तिचा भाग कोणता, तेही त्याच पानावर लिहून ठेवा.